जठारपेठेतलं विरजण

साठ-एकसष्टच्या सुमारास अकोल्याच्या जठारपेठेत सगळ्यात जास्त विरजण मागितलं जाई ते सत्यभामाच्या दारी. तिच्याकडे ना गाय होती, ना म्हैस. शिवाय तिचे यजमान मोतीराम दह्याच्या वासानंच नाक मुरडायचे.

मोतीरामांचं केशकर्तनालय पुढच्या खोलीत. दोन खुर्च्या, एक लांबडा आरसा आणि वर्षातून एकदा पुसला जाणारा पंखा. पुरुष तिथं राजरोस बसून मिशीला कलप लावून घेत. बायकांनी मात्र केस काळे करायचे म्हणजे काय गजहब! म्हणून त्या मागच्या दारानं येत. हातात वाटी, डोक्यावर पदर, आणि तोंडी एकच वाक्य: "सत्यभामे, विरजण हाय का वं?" की सत्यभामा पाट मांडायची आणि चिनी मातीच्या भांड्यात मुंबईची काळी पूड कालवायला घ्यायची.

हा उद्योग ती कुणाकडून शिकली नव्हती. पहिला कलप तिनं स्वतःच्याच डोक्याला लावला, तोही घाईघाईत. दुसऱ्या दिवशी तोंड एवढं सुजलं की मोतीराम दारातच थबकले.

"पाव्हणीबाई, आमची सत्यभामा कुठं गेली?"

त्या दिवसापासून तिचा कायदा ठरला. आधी कानामागं कलपाचा एक ठिपका, मग घरी जायचं. ठिपक्याची खाज सुटली, लाली आली, तर कलप नाही. काहीच झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी यायचं. कलेक्टरीणबाई आली असती तरी तिच्याही कानामागं ठिपका लागलाच असता.

मे महिन्यात एका सकाळी गोदाबाई आली. वाटी पाटावर आपटली आणि स्वतःही बसली.

"विरजण पाह्यजे. आत्ता. उद्या सांजच्या गाडीनं अमरावतीले जाणं हाय, माह्या बहिणीच्या, पार्बतीच्या धाकट्या पोराचं लगन."

"आज ठिपका, उद्या कलप," सत्यभामा म्हणाली आणि कानामागं कलपाची काडी टेकवलीही.

"तीट लावून राहिली काय मले? बावन्न वर्साची घोडी मी, मले कोणाची नजर लागते?"

"कलपाची लागते. पण एवढी घाई काहून?"

गोदाबाईनं पदर तोंडाला लावला. सत्यभामाला वाटलं, रडते. पण ती संतापली होती.

"मागच्या साली पार्बतीच्या मोठ्या पोराचं लगन झालं. पार्बती माह्यापेक्षा चार वर्सानं मोठी. पण तिचे केस जन्माचे काळे, न् माह्ये हे असे कापूस फुटल्यावानी. विहीणबाई आली ते सरळ माह्या पाया पडली. काय म्हणे, 'आजीबाई, लेक कशी हो तुमची तरणीताठी!' मले पार्बतीची माय समजली ते! अन् पार्बती? सांगायचं का नाई, का आमी बहिणी हाओ? पोट धरून हासत बसली!"

सत्यभामालाही हसू आलं होतं. ते तिनं भांडं विसळण्याच्या निमित्तानं त्यातच सोडलं.

"या साली एकानं तरी मले धाकटी म्हणाले पाह्यजे. बस्स."

सत्यभामानं केस बोटांत धरून पाहिले. तिच्या लेखी केसांच्या दोनच जाती होत्या. सांगाल तो रंग मुकाट घेतात ते सून-केस आणि काही केल्या ऐकत नाहीत ते सासू-केस. गोदाबाईच्या दोन्ही कानशिलांवर सासवांची बैठकच भरली होती. जाड, ताठ, काचेसारखे गुळगुळीत केस.

"हे हट्टी हायेत, माय. आज रात्री रिठ्यानं डोकं धुवा, पण खसाखसा नका घासू. उद्या तेलाचा थेंब लावू नका. तेल असलं का कलप वरच्या वर घसरते."

दुसऱ्या दिवशी गोदाबाई आली ती उन्हात समईसारखी चमकत. कानामागं खाज नव्हती, लाली नव्हती. पण वेणीतून करडईचं तेल मानेवर ओघळत होतं.

"हे काय वं?"

"मंग? कोरड्या केसानं घराबाहेर पडू? लोक म्हणतीन, हिच्या नवऱ्याले काही झालं का काय!"

सत्यभामानं कपाळाला हात लावला. बाईचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? वऱ्हाडात सवाशीण कोरड्या, मोकळ्या केसांनी रस्त्यावर दिसली की चार बाया विचारपूस करायला घरी येतात. पुन्हा रिठे, पुन्हा पाणी. नशीब, अकोल्याचं ऊन होतं. केस सुकेपर्यंत गोदाबाईचाच पापड व्हायचा राहिला.

मग सत्यभामानं कपाळाच्या कातडीवर, कानांच्या पाळ्यांवर हलकं व्हॅसलीन फिरवलं, हातात रबरी मोजे चढवले आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं आधी कानशिलंच धरली. सासवांना आधी, जास्त वेळ, सुनांना शेवटी.

"भिवयाही करून टाक बाप्पा."

"भिवया नाई. डोळ्यात गेलं तं पार्बतीबाईचं पडलेलं तोंड कशानं पाहाल?"

हे गोदाबाईला लगेच पटलं.

एवढ्यात फळ्यांच्या भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला. मोतीरामांच्या खुर्चीत, गालाला साबण लावून, खुद्द गोदाबाईचे यजमान केशवराव!

"मोतीराम, आमची मंडळी सकाळपासून विरजण आणाले गेली. कालही गेली होती. एवढ्या येळात तं दह्याचं ताक होऊन गेलं असतं."

गोदाबाई भांड्यासकट पाटाखाली शिरायला निघाली. सत्यभामानं तिला खांदे दाबून बसवलं.

"हालू नका! कानात जाईन!"

"कोण बोललं?" केशवराव.

"मांजर हाय," मोतीरामांनी वस्तरा गळ्याशी नेला. "तुमीही हालू नका."

केस धुऊन, पुसून झाल्यावर गोदाबाईनं हातातल्या आरशात पाहिलं. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. मग आरसा पालथा ठेवून म्हणाली, "आता येऊ दे त्या विहीणबाईले."

पाच-सहा दिवसांनी मागचं दार वाजलं. गोदाबाई. हातात वाटी.

"अवं, आत्ताच तं लावला! काय झालं, कोणी धाकटी म्हणलं नाई?"

"म्हणलं ना! मांडवात पाय ठेवला न् नवी विहीण म्हणाली, 'ह्या तुमच्या धाकट्या बहीण काय?' असं वाटलं, तिच्याच गळ्यात पडावं. पार्बती म्हणे, 'हो, धाकटी हाय.' अन् लगेच म्हणे, 'धाकटे, भातावर पाहाय बरं जराशी.'"

"मंग?"

"मंग काय! धाकट्या मावशी, वरण वाढा. धाकट्या मावशी, पोट्टे झोपवा. धाकट्या मावशी, बुंदी झाकली का? मागच्या साली आजीबाई म्हणून गादीवर बसवलं होतं, पंख्याखाली, पहिलं ताट मले! या साली पार्बती गादीवर पान खाऊन राहिली होती, न् मी चुलीपाशी. माह्ये पाय पाह्य कसे सुजले! सत्यभामे, पांढरे करून दे मले."

"पांढरे कराचं औषध नाई माह्यापाशी. थोडी कळ काढा, सासवा मुळातून येतीनच परत."

गोदाबाई उठली. दारापर्यंत गेली. जाता जाता तिची नजर भिंतीवरच्या आरशावर पडली. तिनं पदर किंचित मागं सारला, मान वाकडी केली, कानशिलावरून बोट फिरवलं.

"पार्बतीच्या पोरीचं लगन दिवाळीनंतर हाय," ती आरशालाच म्हणाली. "दिवाळी झाली का येतो."

"गादीवर बसाचं असन तं कशाले येता? तवापर्यंत आपोआपच पांढरे होतेत."

"बसू दे पार्बतीले गादीवर," गोदाबाईनं वाटी पदराखाली घेतली. "तू ठिपका तयार ठेव."