सुगरणीचा दुसरा फोटो

नीलकंठासारख्या निळ्याशार पक्ष्याचा काळा-पांढरा फोटो काढील असा माणूस अख्ख्या जबलपुरात एकच आहे, आणि त्यांनी मला शाळेत चित्रकला शिकवली, हे सांगताना पन्नाशीतही माझी छाती फुगते. सरांनी आयुष्यभर पोरांना रंग कालवायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरातल्या साऱ्या रंगपेट्या शाळेला देऊन टाकल्या, कॅमेरा घेतला आणि रंगांशी बोलणंच टाकलं. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "रंग दिसला का लोकं वाहवा करतात अन् पुढं निघून जातात. मले ते थांबायला पाहिजेत."

थांबण्यात स्वतः सरांचा हात कोणी धरणार नाही. स्कूटरला वेताचं स्टूल बांधून ते सकाळीच विजय नगरातून निघतात आणि एखाद्या झुडपासमोर असे बसतात, की बकऱ्या त्यांना वळसा घालून चरत राहतात. अधारतालला एका भाजीवाल्याला त्यांनी "भैया, थोड़ा सरकिए, आपकी छाया कबूतर पर पड़ रही है" असं इतक्या अदबीनं सांगितलं, की त्या बिचाऱ्यानं हातगाडी थेट पलीकडच्या गल्लीत नेली. पुतणीच्या लग्नात फोटोंची जबाबदारी त्यांनी आनंदानं घेतली. अल्बममध्ये मांडवावरच्या आंब्याच्या पानांचे वीसेक फोटो निघाले आणि नवरीचं एक कोपर. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, अजूनही पाहुण्यांना सांगतात, "कोपर मात्र झकास आलं हो!"

मी इथल्या एका संरक्षण कारखान्यात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या उघडिपीत एका सकाळी गेटवरून फोन आला, "साहब, एक बुज़ुर्ग दीवार की फोटो खींचते पकड़े गए हैं. आपका नाम ले रहे हैं." मी धावतच गेलो. सर गार्डच्या खुर्चीत बसून त्याच गार्डला उजेड आणि सावली समजावून सांगत होते! झालं होतं असं, की कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या बाभळीवर सुगरणींनी घरटी बांधली होती. पिलाला भरवतानाचा सुगरणीचा फोटो अकरा सकाळी बसल्यावर सरांना मिळाला होता, आणि त्यात मागं आमची भिंत आली होती.

सुरक्षा अधिकारी भला माणूस होता, पण नियमापुढं त्याचाही इलाज नव्हता. फोटो पुसावा लागणार होता. मी हुज्जत घालायला लागलो. सरांनी माझा दंड धरला. "काहून भांडून राहिला? तो त्याचं काम करून राहिला," म्हणाले आणि कॅमेऱ्यातला तो फोटो एकदा नीट पाहून स्वतःच्या बोटानं पुसून टाकला. बाहेर पडल्यावर म्हणाले, "पिल्लं आठ-दहा दिवस अजून घरट्यातच हाये. उद्या उलट्या बाजूनं बसतो."

उलट्या बाजूनं म्हणजे भिंतीकडं पाठ आणि ऐन उन्हाकडं तोंड करून. डोळ्यांतून पाणी गाळत सर आठवडाभर बसले. मग जो फोटो मिळाला, त्यात भिंत नव्हती. उन्हाआड काळीभोर दिसणारी सुगरण, तिची उघडी चोच आणि उजेडानं पेटलेली घरट्याची एकेक काडी.

गेल्या हिवाळ्यात राइट टाउनच्या एका सभागृहात सरांचं प्रदर्शन भरलं. त्या फोटोपुढं लोक खरंच थांबत होते. तो गार्डही इस्त्रीचे कपडे घालून बायकोला घेऊन आला आणि अभिमानानं तिला म्हणाला, "हमने रोका था, तभी तो ऐसी बनी." सरांनी त्याला जवळ घेतलं. "सही बोल रहे हो," म्हणाले. त्या क्षणी आपण या माणसाचे विद्यार्थी आहोत, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटलं मला.

गर्दी ओसरल्यावर मी हळूच विचारलं, "सर, खरं सांगा. पुसलेला फोटो यापेक्षा चांगला होता का?"

सर फोटोच्या आणखी जवळ गेले.

"होता," म्हणाले.

मग चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसला. "चलो, उन्हं उतरून राहिली." पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे गुडघे आता दुखतात, तेव्हा चांगला भार टाकतील म्हणून मी खांदा घट्ट केला. पण हाताचं वजन जाणवलंच नाही, इतका तो हलका झाला होता.