महॉगनीला एक हात

निघताना बॅगेत दोन वस्तू मी सगळ्यांत आधी भरल्या. अर्धा किलो चपडी (लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवले की लाकडाचं पॉलिश होतं) आणि महॉगनी रंगाची एक पुडी. बायको म्हणाली, "अहो, लोक अमेरिकेला चकल्या नेतात." मी म्हटलं, "चकल्या मागणारी राहिली कुठं?"

माझी थोरली बहीण, अक्का, जानेवारीत तिकडे व्हर्जिनियात वारली. मला व्हिसा मिळाला मे महिन्यात. साल २००६. तीस वर्षं ती फोनवर म्हणत आली, "मधू, माझ्याकडे अस्सल इंग्लिश महॉगनीचं कपाट आहे. एकदा येऊन त्याला हात लाव." आम्ही पुण्यातले पॉलिशवाले, वडिलांपासूनचा धंदा. आमच्यात हात म्हणजे पॉलिशचा एक थर. मी दर वेळी म्हणायचो, येतो, दिवाळीची गिऱ्हाइकं उरकू देत. ती काही तीस वर्षांत उरकली नाहीत.

वॉशिंग्टनच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं चपडीची पिशवी उजेडात धरली आणि हे खायचं आहे का, असं विचारलं. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "नो ईट. शाइन." त्यानं एक पापुद्रा हुंगला, मग साहेबाला बोलावलं, साहेबानंही हुंगला. त्या दोघांसमोर मी हवेत बोळा फिरवून पॉलिश करून दाखवलं तेव्हा कुठे त्यांनी हसून सोडलं. पुढे मी जे केलं ते पाहता, त्यांनी ती पिशवी जप्त केली असती तर फार बरं झालं असतं.

बाहेर अक्काचे यजमान, आमचे दाजी उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर. सोबत त्यांची मुलगी लीना. ती तिकडेच जन्मली, तिकडच्याच शाळेत संगीत शिकवते. मराठी तिला समजतं, बोलायचं म्हटलं की इंग्रजी येतं. "हाय मामा. फायनली," एवढंच म्हणून तिनं माझी बॅग उचलली. तो एक शब्द मला घरापर्यंत पुरला.

अ‍ॅशबर्न हे गाव काल-परवा उभं केल्यासारखं दिसतं. एकसारखी घरं, एकसारखी कापलेली हिरवळ आणि मधूनच एकही खिडकी नसलेल्या लांबलचक इमारती. आत काय आहे, मी विचारलं.

"कम्प्युटर्स," दाजी म्हणाले. "सगळ्या जगाचा डेटा तिथे ठेवतात. आम्ही मूव्ह झालो तेव्हा इथे गाई चरायच्या रे."

दाजींचं घर त्या गाईंच्या वेळचं. दारात अझेलिया (मे महिन्यात पानं दिसू नयेत इतकं फुलणारं झुडूप) गुलाबी झालेली. ओट्यावर अक्काचा मिसळणाचा डबा होता, पण वाट्या रिकाम्या. दाजींनी कुकरला खिचडी लावली होती. "जरा ड्राय झालीये, तूप जास्त घे," ते म्हणाले.

कपाट पूर्वेच्या मोठ्या खिडकीशी होतं. कमरेएवढं उंच, ओढायचे चार खण, पितळी कड्या, खाली वळण काढलेले आखूड पाय, नक्षी जवळजवळ नाहीच. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जॉर्ज नावाचे राजे एकापाठोपाठ एक गादीवर होते, त्या काळातली ही घडण, म्हणून जॉर्जियन म्हणतात, असं दाजींनी सांगितलं. अक्कानं ते एका लिलावात घेतलं होतं. मी खण ओढला. इतक्या वर्षांनीही तो कुरकुरला नाही. कोपऱ्यातल्या सांध्याचे दात हातानं कापलेले, एक जाड, एक बारीक. कुणा अनोळखी सुताराचा हात मला तिथे भेटला आणि मन भरून आलं.

पण रंग पाहून मी खट्टू झालो. महॉगनी म्हणजे गडद लाल, हे मी शेंबडा होतो तेव्हापासून जाणतो. आमच्या दुकानात महॉगनी हे पुडीचं नाव आहे, खाली लाकूड नेहमी सागवान. ते खरं लाकूड चाळीस वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. हे कपाट तर दुधाळ चहासारखं फिकट. मला वाटलं, रंग उडाला, आणि बिचारी अक्का माझी वाट बघत बसली. वरच्या फळीवर तेवढा ताटलीएवढा एक गोल गडद लाल डाग होता. दाजी रोज सकाळी अझेलियाचं एक फूल त्या डागावर आणून ठेवत. डाग झाकायला ठेवतात, असं मी समजलो.

चौथ्या दिवशी दाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नंतर दोन दिवस ते लीनाकडे राहणार होते. मला आयतीच संधी मिळाली. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि मी बाह्या सरसावल्या.

स्पिरिटनं जुना थर काढला, मग लाकूड घासायचा खरखरीत पॉलिश पेपर घेतला. चार-सहा वेळा फिरवला तोच फिकट लाकडाखालून लाल रंग वर यायला लागला. पुडी सोडायचीही गरज नव्हती. लाकूड मुळातच लाल होतं, वरची फिकट कांती उन्हानं वर्षानुवर्षं बसून आणली होती. हे माझ्या हाताला तेव्हाच कळलं होतं, खोटं कशाला बोलू. पण हात सुटला होता. संध्याकाळपर्यंत सगळी फळी त्या डागाच्या रंगाची झाली आणि डाग दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी चपडीचे सात हात दिले. त्यात तोंड दिसत होतं. अक्का, लावला बघ हात, असं मी मोठ्यानं म्हणालो.

दाजी परतले ते वाटेतच झुडपाचं फूल तोडून आत आले. कपाटासमोर उभे राहिले. डोळ्यावरचा काळा चष्मा काढला, परत लावला.

"मधू, इथला गोल कुठे गेला?"

"तो डाग? काढला की."

"तिचं ताम्हन होतं रे तिथे," दाजी हळू म्हणाले. "बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे देव त्यात. थर्टी इयर्स तिनं ते हलवलं नाही. बाकीचं उन्हानं फेड झालं, ताम्हनाखालचं तेवढं राहिलं. देव लीनानं नेले. म्हणून मी तिथे फूल ठेवतो... ठेवायचो."

दाजींनी फूल कुठे ठेवावं ते न कळून शर्टाच्या खिशात घातलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शाइन छान आलीये पण." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी लीनानं मला गाडीत घातलं. पश्चिमेला डोंगर दिसू लागतात तिथल्या एका लहान गावात जुन्या इंग्लिश फर्निचरचं दुकान होतं. आत खुर्च्या, टेबलं, कपाटं गच्च. कुठे पायाच्या टोकाला गोळा पकडलेला पक्ष्याचा पंजा, कुठे खुर्चीच्या पाठीत फितीसारखी कोरीव जाळी. आणि सगळं फिकट, मधाच्या रंगाचं. याच रंगासाठी लोक इथे येतात, दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या. लीनानं कॅमेऱ्यातला आमच्या कपाटाचा फोटो दाखवला. बाईंनी चष्मा लावून तो जवळून पाहिला. मग म्हणाल्या, परत खिडकीशी ठेवा, ऊन येऊ द्या.

"किती दिवस?" मी लीनाला विचारायला सांगितलं.

"डेज नाही मामा. थर्टी इयर्स. मेबी फॉर्टी."

परतताना दोन्ही बाजूंना कुंपणं, घोडे, हिरव्या टेकड्या होत्या. फार सुंदर मुलूख असावा. मी लीनाला अक्काचं फोनवरचं बोलणं सांगितलं, माझी बाजू म्हणून. तिनं ऐकून घेतलं, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बट मामा, हात लाव मीन्स टच, राइट? शी जस्ट वॉन्टेड यू टु कम."

जिला मराठीत धड एक वाक्य जुळवता येत नाही, तिला ते समजलं होतं.

रात्रीच्या जेवणात मी दाजींना म्हणालो, ताम्हन परत आणू, मापानं गोल आखू, पुडीतला रंग भरतो, कुणाला ओळखू येणार नाही. "नको," ते म्हणाले. "रंगवलेला नको." राहिलेले दिवस मी त्या खोलीत गेलोच नाही. रोज सकाळी दाजी फूल हातात घेऊन तिथे उभे राहताना मात्र दारातून दिसायचे.

पुण्याला आलो. पुडी तशीच बंद परत आली. गिऱ्हाईक येतं, महॉगनी करा म्हणतं. मी करून देतो. नुसतं लाल आहे, महॉगनी नाही, हे मी आताशा सांगून टाकतो, तर लोकांना मी कामचुकार वाटतो.

गेल्या रविवारी दाजींचा फोन आला. "मधू, ऑपरेशननंतर क्लिअर दिसतंय. फूल आता उजव्या कडेपासून वीतभर आत ठेवतो. तिथेच होता ना रे तो?"

दोन दिवस त्या फळीवर मी तळहात फिरवला होता, तिचा कणन् कण पाहिला होता. गोल नेमका कुठे होता, ते काही केल्या आठवेना.

"हो दाजी," मी म्हणालो. "तिथेच होता."