देवाला नको, पंपाला विचारा

आमच्या ट्रकला कुणी टेकून उभं राहिलेलं ड्रायव्हरमामांना खपत नसे. "पावणं, सरका बाजूला. म्हस हाय व्हय टेकाय?" असं ते भर रस्त्यात ओरडत. कसबा बावड्यात त्यांना न घाबरणारा माणूस मी पाहिला नाही.

नातवंडांनो, तुमची आई तेव्हा शाळेत जायची. सकाळी मामा इंजिन सुरू करून कान देऊन उभे राहत. त्या वेळी माझा मिक्सर चालू असला, तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन दटावत, "वैनी, जरा थांबवा की ते. गाडी बोलाय लागलीया." त्यांचं ठाम मत होतं, "गाडी खोटं बोलत न्हाय. खोटं माणूस बोलतंय."

अशा माणसावर माझ्या दिरांनी आळ घेतला. गळीत हंगाम चालू होता. राधानगरीकडून ऊस भरून येणारा ट्रक चढावर पुन्हा पुन्हा बंद पडू लागला. मामा म्हणत होते, पंप बघायला हवा. शेवटी एकदा गाडी ओढून आणावी लागली, तेव्हा अंगणात दहा माणसं गोळा झालेली असताना भाऊजी म्हणाले, "डिझेल विकून टाकीत रॉकेल ओततोय हा. खरा असलास तर चल जोतिबाला, उचल बेल-भंडारा!"

आमच्याकडे बेल-भंडारा उचलून शपथ घेतली की वाद मिटतो. मामा मात्र जागचे हलले नाहीत. "धाकटं मालक, देवाला कशाला मधी घालतायसा? पंपाला इचारा की! या हिकडं."

इंजिनाला दोन पंप असतात. छोटा टाकीतलं डिझेल ओढून मोठ्याला देतो. त्या छोट्याला हातानं दाबायची एक मूठही असते. मामांनी ती मूठ भाऊजींच्या हातात दिली, पांढऱ्या सदऱ्यासकट त्यांना इंजिनात वाकवलं आणि गाडी सुरू केली. भाऊजी दाबत होते तोवर इंजिन छान चालत होतं. दमून थांबले की आचके देऊन बंद. पुन्हा दाबलं की पुन्हा चालू.

"डिझेल त्येच, टाकी तीच," मामा गरजले, "तुमचा हात हाय तवर चालतंय. मग चोर कोन? मी का पंप?"

लोक हसू लागले. मामांनी पंप सोडवून उघडला. आतली स्प्रिंग तुटून दोन तुकडे झाले होते. भाऊजींनी हात पुसले आणि म्हणाले, "असू दे, होतं असं. चहा टाका, वहिनी."

होतं असं! तुमच्या तिकडे परदेशात नुसता धक्का लागला तरी माणसं सॉरी म्हणतात. इथे एका माणसाची अब्रू अंगणात मांडली होती. मी सरळ म्हटलं, "भाऊजी, चहा नंतर. आधी माफी मागा." ते हसले. "ड्रायव्हरची माफी? काय वहिनी, शिकलेल्या तुम्ही!" शिकले होते म्हणूनच म्हणत होते.

मामांनी चहा घेतला नाही. गाडी अर्धवट टाकूनही गेले नाहीत. बाजारातून नवा पंप आणला, बसवला, स्क्रू सैल करून लाइनीतली हवा काढली. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली, तेव्हा स्क्रू आवळला. इंजिनाला नेहमीसारखा कान दिला. मग किल्ली भाऊजींना न देता माझ्या हातात ठेवली. "वैनी, नव्या ड्रायव्हरला सांगा, घाटात दमानं घे म्हनावं. गाडी लई गुणाची हाय."

पुढे ते गारगोटीकडे कुणाची तरी गाडी चालवत असल्याचं कळलं. आमच्या अंगणात पुन्हा आले नाहीत.

भाऊजी अजूनही पाहुण्यांना रंगवून सांगतात, "पंपातला दोष मीच शोधला, या हातांनी!" त्यांची गोष्ट सुरू झाली की मी चहा आणते आणि त्यांच्या बशीत बिस्किटाशेजारी, तेव्हापासून जपलेले त्या स्प्रिंगचे दोन तुकडे ठेवते. पाहुणे विचारतात, हे काय? मग पुढची गोष्ट मी सांगते.