अमावास्येचे लाल चौकोन

कॉलेजच्या दुर्बिणीच्या रात्री वाटून देणारा आमचा क्लार्क संगणकावर कायम अख्खा महिना उघडून बसतो. बडीशेप चघळत प्रत्येक अमावास्येचा चौकोन आधीच लाल करून टाकतो. लाल म्हणजे बंद! अहो, चंद्र नसतो तेव्हाच अंधुक दीर्घिका दिसतात. मी भांडलो, तर म्हणतो, “सर, आवसंला पोरं गच्चीवर न्हाई न्यायची. पुनव घ्या की, लई उजेड आसतो.” प्राचार्यही त्याच्याच बाजूचे. शेवटी परवा पौर्णिमेला दातओठ खात पोरांना घेऊन गच्चीवर गेलो. हाही हौसेने आला, सगळ्यांच्या आधी दीर्घिकेवर रोखलेल्या दुर्बिणीला डोळा लावला आणि माझ्यावरच खेकसला, “सर, कायच दिसंना की! तुमी बिघडवली का काय?”