जुन्या फिल्टरचा मळ

अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या एका हातात औषधांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात बादली. बादलीवर ताट झाकलेलं. "आधी ही आत घे, मग बोल," ते म्हणाले. मी ताट उचललं तर आत त्यांचा ऑस्कर मासा, वीतभर लांब, शेपूट मुडपून कसाबसा मावलेला.

आई गेल्यावर अण्णांनी हा एकच मासा पाळला होता. त्याला ते 'गडी' म्हणत. गडी त्यांच्या चिमटीतून दाणा घ्यायचा आणि ते खोलीत आले की काचेला तोंड लावून उभा राहायचा. आईमागं अण्णांचं जेवणावरचं लक्षच उडालं होतं. तेव्हापासून त्यांनी स्वतःला एक सवय लावून घेतली, आधी गड्याला दाणे टाकायचे, त्यानं खाल्ले की आपण ताटावर बसायचं. त्यांना साखर आहे, गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. त्यामुळे तो मासा आमच्या घरात औषधासारखा होता म्हटलं तरी चालेल.

अण्णा हर्सूलला माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे राहायचे. आमच्या शहरात नळाचं पाणी सणासारखं तिथीनं येतं, आणि ती तिथीही हमखास पुढं ढकलली जाते. त्या आठवड्यात ती दोनदा ढकलली गेली होती. दादाकडे पाहुणे आले होते, पिंपाचा तळ दिसत होता आणि अण्णा नेमके माशाचं पाणी बदलत होते. दादाचा तोल गेला. "इथं माणसाला प्यायला पाणी नाय, अन् तुमच्या माशाला रोज आंघोळ!" असं तो भरल्या बैठकीत म्हणाला. अण्णांनी गडी बादलीत घेतला, रिक्षा केली आणि सिडकोत माझ्याकडे आले. मी फोनवरून दादाला असं फैलावर घेतलं की त्यानंतर आमचंही बोलणं बंद झालं.

दुसऱ्याच दिवशी मी नवी टाकी आणली. फिल्टरचा प्रश्न मात्र मी माझ्या पद्धतीनं सोडवायचं ठरवलं. मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. डाग दिसला की माल परत, हा माझा धर्म. अण्णांचा हर्सूलचा फिल्टर पाहून मी नेहमी नाक मुरडायची. रंगाच्या रिकाम्या डब्यात भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या कोंबलेल्या, खाली फुटक्या माठाचे तुकडे, आणि पाणी वर चढवायला जुन्या कूलरचा पंप. सगळ्याला शेवाळी, चिकट थर. आता माझ्या घरात असलं काही नको, असं मी मनाशी म्हटलं.

दुकानात मी तासभर उभी होते. काचेच्या मागं लटकवायचा फिल्टर मला पोरखेळ वाटला. टाकीत बुडवायचा होता, पण तो माशाची जागा खातो. शेवटी टाकीखाली ठेवायचा, आत तीन कप्पे असलेला मोठा डबा घेतला. त्यातही कंपनीनं दिलेला काळा स्पंज मला जाडाभरडा वाटला, म्हणून तो काढून बारीक छिद्रांचा कापून बसवला. मधल्या कप्प्यात पांढऱ्या सिरॅमिकच्या रिंगा, वर कापूस. चालू केला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. अण्णा खुर्चीत बसून सगळं बघत होते. "चांगला हाय," एवढंच म्हणाले.

आठवडा होत आला तेव्हा पाणी दुधाळ झालं. मी फिल्टर उघडला, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईस्तोवर पिळला, परत बसवला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आता गड्याचा रंगही काळवंडला होता. तो वर येऊन पाण्याच्या काठाशी तोंड उघडायचा, मिटायचा, मग दमून तळाशी एका कुशीवर टेकायचा. अण्णांनी चिमटीत दाणा धरला. गडी आला नाही. दाणा तळाशी जाऊन पडला आणि तिथंच फुगत राहिला.

त्या दुपारी अण्णांनी ताट सरकवलं. "भूक नाय," म्हणाले.

"मासा खात नाही म्हणून तुम्ही पण खाणार नाही का?" माझा आवाज चढला.

"तसं काय नाय. भूकच नाय."

टाकीतलं पाणी बाटलीत भरून मी दुकानात धावले. दुकानदारानं त्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले, ते गर्द हिरवं झालं. माशाच्या घाणीचं विष पाण्यात साचलंय, रोज अर्धं पाणी बदला, असं त्यानं सांगितलं. रोज अर्धं पाणी! नळाची तिथी पुन्हा पुढं गेलेली. टँकरचं पाणी मिळालं, पण त्याला औषधाचा एवढा उग्र वास की आपल्यालाच खोकला यावा. ते रात्रभर उघडं ठेवून वापरायचं. आमच्या आंघोळी अर्ध्या बादलीवर आल्या, कपडे तुंबले, धुण्याभांड्याचं पाणी झाडांना न जाता संडासात जायला लागलं. चांगलं पाणी गड्याच्या टाकीत. आणि हे सगळं करताना दादाचं ते वाक्य माझ्या डोक्यात वाजत राही, आणि त्याचा मला आणखीनच संताप येई.

अण्णा चहाबिस्किटावर होते. गोळ्या घेत होते की फेकून देत होते, देव जाणे. एकदा उठताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी दाराची चौकट धरली. मी घाबरले, खरंच घाबरले. मासा गेला तर हे उठणार नाहीत, हे मला त्या चौकटीपाशी कळून चुकलं.

मग मी जिथं मिळेल तिथं वाचत सुटले. आणि सगळीकडे एकच गोष्ट सापडली. पाण्यातलं विष स्पंज खात नाही, रिंगाही खात नाहीत. ते खातात त्यांच्यावर वाढणारे बारीक जीव, आणि ते जीव म्हणजेच तो शेवाळी, चिकट थर. नव्या फिल्टरमध्ये तो धरायला महिना लागतो. मी तर धरू लागलेला थरही नळाखाली पिळून टाकत होते. ताबडतोब उपाय एकच, जुन्या टाकीचा मळका फिल्टर आणून जोडायचा.

"अण्णा, मी दुकानातून त्यांचा जुना स्पंज मागून आणते," मी म्हटलं.

"दुकानातला नको!" ते एकदम ताठ झाले. "तिथं साऱ्या गावचे मासे येतेत. त्यांचे रोग येतील गड्याला."

"मग कुठला आणू?"

अण्णा मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"व्हय."

"आणि मी स्पंज धुवत होते तेव्हा?"

"दूध नवं, पातेलं नवं. विरजणच नाय, तर दही लागंल कशानं? धुतलास काय अन् नाय काय."

"मग बोलला का नाहीत? मासा मरायला लागलाय समोर!"

अण्णा खिडकीकडून माझ्याकडे वळले. "त्या घरातलं पाणी नको म्हणून निघालो मी. आता तिथली घाण मागायला जाऊ? अन् कशाला जायचं? त्यानं तो पंप त्याच दिवशी बंद केला असंल. पंप बंद पडला की अर्ध्या दिवसात मरतंय आतलं समदं. मेलेलं आणून करायचं काय?"

मला इतका राग आला की रडू फुटलं. मोडेन पण वाकणार नाही, हा आमच्या घराण्याचा दागिना आहे, आणि तो तिघांनीही अंगावर घातलेला. मी पर्स उचलली. कुठं चाललीस, असं त्यांनी विचारलं नाही.

दादाला फोन केला नाही. तो नाही म्हणाला असता तर मला तिथं जाता आलं नसतं. रिक्षा हर्सूलकडे निघाली आणि प्रत्येक सिग्नलला मला वाटत होतं, पंप बंद असणार. टाकी विकून टाकली असणार. डबा भंगारात गेला असणार. दादानं तो ठेवावाच का? त्याच्या दृष्टीनं ती अडगळच.

पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनी देवापुढं दिवा लावत होती. मला बघून तिनं हात जोडायचे थांबवले नाहीत, नुसती मान हलवून बस म्हणाली. मी बसले नाही. कारण मला आवाज आला होता, कूलरच्या पंपाची ती घुरघुर आणि पाण्याची धार.

टाकी होती तिथंच होती. काठोकाठ भरलेली, दिवा चालू, वरून डब्यातून पाणी पडतंय. आत मासा नाही. तळाशी दोन-तीन दाणे.

"हे काय?" माझ्या तोंडून निघालं.

वहिनी हात पुसत बाहेर आली. "विचार तुझ्या भावाला. रोज सकाळी चार दाणे टाकायलेत रिकाम्या टाकीत. पाणी आटलं की पिंपातलं ओतायलेत. मी म्हणलं, ताटावर माणूस नाय अन् वाढायलात कुणाला?"

दादा आतल्या दारात उभा होता. माझ्याकडे न बघता टाकीकडे बघत म्हणाला, "अण्णाच सांगायचे. मासा नसला तरी फिल्टरला उपाशी ठेवू नाय, आतले जीव मरतेत. म्हणलं, येतील तेव्हा तयार पाहिजे."

मी फैलावर घेतलेला भाऊ तो हाच. मग गड्याचं सांगितलं, अण्णा जेवत नाहीत हे सांगितलं, आणि म्हटलं, "हा डबा दे मला."

दादानं पंपाकडे हात नेला, तोच वहिनी मध्ये आली. "अण्णा ह्याला विरजणच म्हणायचे. दिवे लागल्यावर विरजण कुणाला देत नसतेत."

"वहिनी, आता हे काय मध्येच!"

"देत नसतेत म्हणलं," ती शांतपणे म्हणाली आणि दादाकडे वळली. "न्यायचं असंल तर ज्याचं त्यानं स्वतः घेऊन जावं. मग ते देणं होत नाय."

दादा घुटमळला. वहिनीनं त्याच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या.

घासण्या आणि माठाचे तुकडे आम्ही बादलीत काढले, त्यावर टाकीतलंच पाणी ओतलं. "झाकू नको, हवा पाहिजे त्यांना," दादा म्हणाला. रिक्षात तो बादली मांडीवर घेऊन बसला. प्रत्येक खड्ड्याला तपकिरी पाणी त्याच्या पँटवर सांडत होतं. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "मछली है क्या भाई?" दादा म्हणाला, "नहीं, मैल है." मी जळगाव रोडवरच्या गर्दीला मनात शिव्या घालत होते. पंप बंद करून किती वेळ झाला, याचाच विचार.

अण्णा टाकीसमोर बसले होते. दादा आत आला, बादली त्यांच्या पायाशी ठेवली आणि उभा राहिला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बादलीत हात घातला, एक घासणी वर काढून पिळली, नाकाशी नेली.

"जित्तं हाय," ते म्हणाले. मग घासणी उलटीसुलटी करून बघितली. "मासा नसताना कसं ठेवलंस?"

"दाणे टाकायचो."

"किती?"

"चार."

"दोन लई झाले असते." त्यांनी घासणी बादलीत टाकली. "पकड हिकडून. पंप बंद कर."

माझा तीन कप्प्यांचा डबा आम्ही उघडला. पांढऱ्या रिंगा बाहेर, कापूस बाहेर, आत माठाचे तुकडे आणि शेवाळी घासण्या. एक घासणी जास्त झाली ती अण्णांनी हातानं चेपून बसवली. त्या दोघांमध्ये पकड, सोड, थांब याखेरीज शब्द झाला नाही. दादा जेवायला थांबला नाही, अण्णांनी थांब म्हटलं नाही.

दोन दिवसांत पाण्याची काच झाली. गडी मात्र तळाशीच होता, आणि अण्णांचं ताटही तसंच परत येत होतं. विष गेलं तरी मासा गेला, असं मी मनाची तयारी करत होते. मग एका सकाळी मी ऑफिसची तयारी करत असताना बाहेरच्या खोलीत अण्णा कुणाशी तरी बोलत असल्यासारखे वाटले. जाऊन पाहिलं तर त्यांची बोटं ओली होती आणि माझा फोन कानाला. गडी वर येऊन काचेला तोंड लावून उभा होता.

"जेवला," अण्णा फोनमध्ये म्हणाले.

पलीकडून दादा काहीतरी बोलला असावा. अण्णांनी ऐकून घेतलं, फोन कानावरून काढायला लागले, आणि परत लावला.

"तू जेवलास का?"