अकरा जणांची सोबत आणि उरलेल्या तीन भाकऱ्या

घाटंजीच्या पुढच्या जंगलात देवीचं ठाणं आहे. नवस फेडायला मी एकटाच निघणार होतो. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी अडवलं: बोरं पिकलीत, अस्वलं फिरतात, सोबत पाहून जा. म्हणून माघात बाभुळगावच्या मंडळीत सामील झालो. मी धरून अकरा जण.

यवतमाळला मोटार बदलून घाटंजी गाठली. एका आण्याचे नवे पैसे किती, यावरून कंडक्टरशी थोडी हुज्जत झाली. रात्री धर्मशाळेत राहिलो. तुम्ही जाल तेव्हा ऊन वर आल्यावरच निघा. धुक्यात पायवाट दिसत नाही. पुढे चार कोस चाल आहे. सागाची वाळलेली पानं पायाखाली इतकी वाजतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

शिदोरीचं गाठोडं दणकट गड्याकडे द्यायचं, तो पुढे जाऊन पाणी आणि सावली धरतो, अशी आमच्याकडची रीत. आमचे पुढारी नामदेवराव. गाठोडं त्यांच्याच खांद्यावर. सर्वांत मागे माझे शेजारी सीतारामकाका, सत्तरीचे.

ओढ्यावर भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी वाटली गेली. तीन भाकऱ्या उरल्या. ओझं कशाला, म्हणून त्याही वाटल्या. त्यातली अर्धी मी खाल्ली. मग तंबाखूला चुना हवा होता. चुन्याची डबी नेहमी सीतारामकाकांकडे. काका कुठेच नव्हते. आजही संताप येतो तो याचा: आम्हाला माणूस आठवला नाही, चुना आठवला.

जो तो म्हणे, मला वाटलं तुझ्याबरोबर आहेत. नामदेवराव जागचे हललेसुद्धा नाहीत.

"येतेत ना जी मागून. दिवस कलला त निवद राहून जाईन."

देवीला म्हातारा चुकलेला चालतो, नैवेद्य चुकलेला चालत नाही, हे यांना कोणी सांगितलं? मी काठी उचलून एकटाच मागे वळलो. गावात मला एकटा जाऊ नको म्हणणारे पुष्कळ होते. इथे एकानेही म्हटलं नाही.

अर्ध्या कोसावर घुंगरं वाजली. बैलावर काका, पायाला चिंधी बांधलेली. सोबत जवळच्या तांड्यावरचा बंजारा शेतकरी, माझ्याच वयाचा. काकांच्या पायात काटा मोडला होता. हाका पानांच्या आवाजात विरल्या. बोरीच्या जाळीत अस्वल खसखसलं, तेव्हा ते खडकाला पाठ लावून, काठी धरून बसून राहिले. या बैलाच्या घुंगरांच्या आवाजानं अस्वल निघून गेलं.

"कितीक जन हा तुमी?" त्याने विचारलं.

"अकरा."

"अन् हे बुढे एकटेच? मी एकटा हावो जी, माह्यं ध्यान माह्यावर हाय. तुमचं कोनावर होतं?"

चालताना तो सांगत होता, त्याच्या बापाच्या काळी मीठ लादलेले बैल याच रानातून जात.

"भाकरीचं गठोडं सर्वाच्या मांगच्या मानसापाशी राहे. तो आल्याबिगर कोनाले घास नाही. भुकेला मानूस मांगं पाह्यतेच."

ठाण्यावर मंडळींना गाठून हात जोडले, पण नवसाचे शब्द तोंडातून निघेनात. त्या अर्ध्या भाकरीची क्षमा तेवढी मागितली.

परतताना नामदेवरावांच्या खांद्यावरून प्रसादाच्या भाकऱ्यांचं गाठोडं काढून मी त्याच बैलावर बसलेल्या काकांच्या मांडीवर ठेवलं. नामदेवराव उखडले, पण घाटंजीपर्यंत प्रत्येक वळणावर थांबून मागे पाहत होते.

गावात अजून कोणी विचारतं, रानात एकटं जावं की सोबतीनं? मी उलट विचारतो, भाकरी कोणाजवळ देणार आहात?