तांदळाच्या डब्यातलं लोह

"ये, तुझ्या घशातली मंडळी बघ!" प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने, सुनीताने, काचेची ताटली उजेडासमोर धरली. मी तापाने पडले असताना माझ्या घशातून कापसाने घेतलेला नमुना तिने त्यात वाढवला होता. रक्त मिसळलेला लालभडक थर, त्यावर मोहरीहून बारीक ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लख्ख पारदर्शक वर्तुळ! त्यातून चक्क पलीकडची खिडकी दिसत होती.

"हे स्ट्रेप्टोकोकस जंतू," ती म्हणाली. "रक्तपेशी फोडून आतलं लोह पळवतात. त्याशिवाय त्यांचं चालत नाही. पण जास्त झालं की तेच त्यांना विष, मग भराभर बाहेर फेकतात."

चोरांनाही इतकं सांभाळून खावं लागतं! "आणि आपण काय करतो?" मी विचारलं.

"आपण लपवतो. ताप आला की शरीर रक्तातलं लोह काढून यकृतात वगैरे कोंडून ठेवतं."

मला एकदम आई आठवली. गावाला निघताना ती बांगड्या तांदळाच्या डब्यात खोल पुरायची, वरून तांदूळ सारखे करायची आणि घरात काही नाहीच अशा चेहऱ्याने कुलूप लावायची.

तापात मी सगळ्यांना सांगत होते, "नुसती पडून आहे गं, काही करत नाही." आणि तेव्हा माझ्या आत कुणीतरी न थकता वावरत होतं, कणन् कण उचलून पुरत होतं, वरून तांदूळ सारखे करत होतं.